क्रेफिशच्या भांड्यात वाटलेल्या चटणीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, श्री. गिरीश तिरोडकर,
मैत्र महाराष्ट्र मंडळ, ॲन आर्बर, मिशिगन.

विषय: सप्टेंबरच्या शिबिरात हिरवी चटणी खाल्लेल्या सर्वांना तपासणीस पाठवणेबाबत.

संदर्भ: १) दि. ६ जानेवारी २००८ चा अर्ज (इंग्रजी शब्द आढळल्याने परत). २) दि. २७ जानेवारीचा अर्ज ('मी' हा शब्द सात वेळा आल्याने परत).

महोदय,

अर्जदार सौ. विनीता शैलेंद्र निजसुरे हिने मंडळाच्या नियमाप्रमाणे या वेळी स्वतःस 'अर्जदार' म्हटले आहे. आता तरी वाचावे.

१. शिबिरासाठी तळ्यात पाळलेले, बर्फातले क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले नांगीवाले झिंगे, आणायचे ठरले होते. "बर्फातलं मढं कोण खाणार?" असे म्हणून आपण नदीत पिंजरे लावलेत. पकडलेल्या क्रेफिशच्या नांग्या खेकड्यासारख्या कच्च्याच वाटून, गाळून, तो रस रश्श्यात घालायचा बेत होता. तेवढ्यात मंडळाचा मिक्सर जळला. मग अर्जदाराचा मिक्सर उचलण्यात आला. भांड्यावर 'निजसुरे, फक्त शाकाहारी' अशी चिठ्ठी होती. रस्सा उकळला, त्यामुळे रस्सा खाणारे सगळे सुखरूप आहेत. भांडे मात्र नुसते विसळून जागेवर ठेवले गेले. ते ओले पाहून अर्जदारास वाटले, कुणीतरी प्रेमाने घासून ठेवले. तिने त्यातच कोथिंबीर-मिरची वाटली.

२. नोव्हेंबरात शैलेंद्र यांच्या खोकल्यातून रक्त पडले. भारतातून आलेला माणूस म्हटल्यावर इस्पितळाने थेट क्षयाची औषधे सुरू केली. "कच्चे खेकडे, क्रेफिश खाल्लेत का?" या प्रश्नावर जन्मात अंडेही न खाल्लेल्या माणसाने काय सांगावे? नवरा डोळ्यांदेखत वाळत होता आणि मंडळाने 'संसर्ग नको' म्हणून संक्रांतीचे बोलावणे रद्द केले. तिळगूळ दाराबाहेर पिशवीत टांगून गेलात. लाज कशी वाटली नाही?

३. रस्सा करणाऱ्या नीलांबरीताईंनी भांड्याची गोष्ट फोनवर कबूल केली. लेखी द्या म्हटल्यावर त्यांनी कानांवर हात ठेवले. आपण तर "निजसुरे मंडळाची बदनामी करतात" असे सभेत सांगितलेत. चोराच्या उलट्या बोंबा! ऐकीव गोष्टीवर तपासणी होत नाही, असे इस्पितळ म्हणे. अर्जदार एका ओळीच्या कागदासाठी आपल्याकडे दोनदा आली. दोन्ही वेळा आपण व्याकरण तपासलेत.

४. शेवटी पद्मिनीकाकू, म्हणजे निवृत्त पशुवैद्य डॉ. देवस्थळी, अर्जदारासोबत इस्पितळात गेल्या आणि थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय उठणार नाही म्हणाल्या. कृमीची अंडी सापडली. रानातल्या क्रेफिशच्या अंगात राहणारी ही चपटी कृमी माणसाच्या फुप्फुसात घर करते. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ती जाते. तीन दिवस, महोदय! त्यासाठी शैलेंद्र यांनी तीन महिने भलतीच औषधे गिळली. आता ते बरे आहेत. सबब आपला कागद नको. आपली माफीही नको.

५. मागणी एकच. अर्जदाराचे घर सोडून चटणी एकोणीस जणांनी खाल्ली. यादी सोबत आहे. प्रत्येकाला आजच कळवावे. आपण टाळाल, म्हणून अठरा जणांना अर्जदाराने स्वतः फोन केले आहेत.

एकोणिसावे नाव आपल्या घरातले. फोन तीनदा उचलून ठेवला गेला, म्हणून हा अर्ज. आपली इशिता जानेवारीपासून शनिवारच्या मराठी शाळेत खोकते आहे. 'थंडीचं आहे' असे आपण बाईंना सांगितलेत. थंडीचे नाही ते. शिबिरात तिने चटणी-पाव दोनदा मागून घेतला होता. काकू, अजून, म्हणाली. मी वाढला. मीच.

हा अर्जही परत करा हवा तर, 'मी' आलाच आहे. पण आधी पोरीला गाडीत घाला आणि सोबतचा कागद डॉक्टरांच्या हातात द्या.

नम्रपणाला कंटाळलेली,
विनीता निजसुरे
दि. २ मार्च २००८

सोबत: १) एकोणीस जणांची यादी. २) शैलेंद्र यांच्या तपासणीचा अहवाल, इशिताच्या डॉक्टरांसाठी.