तुझ्या लेकीने वर्गात सांगितलं ते

दादा,

तू मला बजावलं होतंस, "तुझ्या वर्गात तिच्या बोलण्याचा विषय काढायचा नाही." मी नाही काढला. तुझ्या लेकीनेच काढला.

आज कविता म्हणायची पाळी तिची होती. पहिल्याच शब्दाला ती अडली. मागच्या बाकावरच्या एकीने तिची नक्कल केली आणि अख्खा वर्ग खिदळला. मी ओरडणार, तेवढ्यात तुझ्या लेकीनेच हाताने मला थांबवलं.

"मी अ... अडखळते," ती म्हणाली. "माझा शब्द तुम्ही पुरा करू नका. फक्त थ... थ... थांबा."

वर्गातलं खिदळणं थांबलं.

"अडखळताना दुखतं का गं?" नक्कल करणारीनेच विचारलं.

"नाही. पण तुम्ही ह... हसलात की दुखतं."

ती पोरगी खाली बघायला लागली. मग दुसऱ्या कुणीतरी विचारलं, "घरीपण हसतात?"

आणि दादा, ती म्हणाली, "नाही. माझे ब... बाबापण असेच बोलतात. म्हणून ते शाळेत येत नाहीत."

घसा बसलाय म्हणून सांगत तू प्रत्येक पालकसभा टाळत आलास. हे कळलं तर तू तिला शाळेतून काढशील, म्हणून हे पत्र पाठवायचा धीर होत नाहीये.

पण तिने कविता शेवटपर्यंत म्हटली रे. शाळा सुटताना ती नक्कल करणारी तिला दारात गाठून म्हणाली, "तुझ्या बाबांना आण की एकदा. आम्ही थांबू."

तुझी धाकटी बहीण