बायकांचे फोटो माझी मालमत्ता नाहीत

अल्लाचे नाव घेऊन मी, रैदा सालिम बाहमीश, वय एकतीस, अविवाहित, राहणार मुकल्ला, शिक्षणाने पेट्रोलियम इंजिनिअर, धंद्याने फोटोग्राफर, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. हृदयाची झडप तेवढी शाबूत नाही. ती बदलायला पुढच्या आठवड्यात कैरोला जात आहे. परत आले नाही तर पुढीलप्रमाणे व्हावे.

१. वडिलांच्या घरातील माझा हिस्सा आणि बँकेतील शिल्लक आई सलूमा व थोरला भाऊ करामा यांना धर्माने ठरलेल्या वाट्यांनी मिळेल. तिथे माझी मर्जी चालत नाही. चालत असती तर हे कलम फार लहान झाले असते.

२. मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरती मर्जी चालते. त्यातून कॅमेरे, लेन्स आणि दिवे माझी मदतनीस उल्फत बाशरहील हिला. लाल मखमली पडदा कुणीही न्यावा. तो मला कधीच आवडला नाही, गिऱ्हाइकांना आवडे.

३. पदवीचे प्रमाणपत्र, चौकटीसकट, काकांना. बाईला तेलविहिरीवर पाठवत नाहीत म्हणून कंपनीने मला चहाच्या टेबलाशेजारी बसवून ठेवले. ती नोकरी सोडली तेव्हा काका म्हणाले, "इंजिनिअर होऊन लग्नात फोटो काढणार? नाक कापलंस आमचं." पुढे त्यांच्याच मुलीच्या लग्नात बायकांच्या हॉलसाठी बाई फोटोग्राफर मिळेना, तेव्हा तेच नाक घेऊन दारात उभे राहिले.

४. आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे हॉलच्या दारातच प्रत्येकीचा फोन काढून घेतात. आत कॅमेरा फक्त माझा. त्या माझ्यासमोर बुरखा उतरवतात, केस मोकळे सोडतात, ते फोटो बाहेर जाणार नाहीत या भरवशावर. गेल्या ईदला करामा म्हणाला, "इंजिनिअरीणबाई, माझ्या दोस्ताला एका मुलीचं स्थळ आलंय. तुझ्याकडे फोटो असेल ना तिचा? दाखव की. बघण्यात काय जातं?"

मी नाही म्हटले.

"बरं, नको दाखवू. तू गेलीस की फोटोंची डिस्क माझ्याच वाट्याला येणार आहे."

"करामा, तोंड आवर!" आई म्हणाली. त्याने चहात आणखी साखर घातली.

तरी मी जाहीर करते की हे फोटो माझी मालमत्ता नाहीत, ठेव आहेत. ठेवीला वारस नसतो. ज्या बाईचा फोटो असेल, तिच्याच हाती द्यावा. नवरा, भाऊ, बाप कुणी मागितला तरी देऊ नये. त्यानंतर उल्फतने आईसमोर डिस्क कॉफीच्या पितळी खलात घालून फोडावी. नुसते पुसून चालणार नाही. पुसलेला फोटो परत मिळवता येतो, हे करामाला कुणीतरी सांगेलच.

५. अपवाद एक. करामाने स्वतःचे लग्न जुळवण्यासाठी माझ्याकडून फोटो काढून घेतला आणि टक्कल झाकायला लावले. केस मी संगणकावर घातले. मूळ फोटो आईच्या कपाटात आहे. वधूपक्षाकडून जी कुणी येईल तिला तो खुशाल दाखवावा.

बघण्यात काय जातं?

मुकल्ला, १२ शाबान १४४४
सही: रैदा सालिम बाहमीश

आमच्यासमोर वाचून सही केली:
सबीत उमर बासवैद, औषधविक्रेते
झहरा अवद बामतरफ, शिक्षिका
गालिया सईद बाजुबैर, शिवणकाम