काडीमोडीला तुमी येणं जरूर हाय

राजश्री आश्रुबा पाव्हणे, मुक्काम तलवाडा, यांस वडवणीकडनं तुमच्या धाकल्या बहिणीचा नवरा धोंडीराम (अजून तरी नवराच) याचा रामराम पोचावा. म्हातारीचा दमा कसा हाय, बाजरी कशी हाय, ते कळवावं. इकडं समदे खुशाल हाईत. मी खुशाल, तुमची सत्यभामा खुशाल, पोरगा उत्तरेश्वर खुशाल, सर्ज्या बैल खुशाल. आमची काडीमोड व्हायची हाय, तेवढं सोडलं तर काळजीचं काई न्हाई.

तुमी इचाराल, कावून? तर ऐका. मला झोपेत बोलायची खोड हाय. त्यातबी मी सर्ज्याला हाका मारतो म्हणं. "ये रे राजा, असा जवळ ये, मान खाजवू का," असं. आता बैलावर जीव असण्यात लाज कसली? पण तुमच्या बहिणीनं ते पाणवठ्यावर बायकांना सांगितलं. नुसतं सांगितलं असतं तर सोसलं असतं, तिनं माझा आवाज काढून दाखवला. (आवाज हुबेहूब काढती, हे मी कबूल करतो. ल्हानपणी तुमचाबी काढायची म्हणं.) दुसऱ्या दिवशी चावडीवर गेलतो, तर आसाराम पाटील म्हणाला, "या राजे, बसा, मान खाजवू का?" समदी चावडी हसली. माझं डोकं फिरलं आन् मी तिथंच बोलून बसलो की आपण काडीमोड घेणार. हेच घरात बोललो असतो तर भाकरीबरोबर गिळता आलं असतं. चावडीवर बोललेलं गिळता येत न्हाई.

आधी वाटलं, सरकारी रीतीनं करावं. बीडला कचेरीच्या बाहेर चटईवर एक अर्जीनवीस बसतो, लोकांच्या अर्ज्या लिहून देतो, त्याला गाठलं. लई अदबीचा माणूस. त्यानं पान लावलं, मला दिलं, आन् म्हणाला की निजाम सरकार हिंदूंच्या लग्नात हात घालत न्हाई, तुमच्या जातीचा जो दस्तूर आसंल तो तुमच्या पंचाला इचारा. एवढं ऐकून, पान खाऊन, परत आलो. पान चांगलं होतं.

मग पंच बोलावले. आपला दस्तूर तुमाला ठाऊकच हाय. नवऱ्यानं पंचासमोर काडी मोडायची, दोन तुकडे झाले की दोघं मोकळी. पण ज्यानं पंच बोलावले त्यानं आधी पंचाला जेवण द्यायचं. आता रांधणार कोण? घरात बाई एकच. सत्यभामा पदर खोचून चुलीपुढं बसली ती पुरण, येळवणीची आमटी, कुरडया, समदं करून उठली. पंचात थोरले रामकिसन आप्पा. त्यांच्या तोंडात दात न्हाईत, पण पुरणाला दात लागत न्हाईत. हिचाच मुकदमा, आन् हीच आप्पांना आग्रह करकरून वाढती. (मला एकदाबी "घ्या" म्हणाली न्हाई, तूपबी मीच ओतून घेतलं.) जेवणं झाल्यावर ध्यानात आलं की काडी कुणीच आणली न्हाई. भादव्याचा महिना, वाळकी काडी कुठली? परसाच्या कुंपणातनं, कुपाटीतनं, एक उपटली, ती हिरवीगार. मी जोर लावला, ती वाकली. पिळली, तर तिचा दोर झाला. दातानं तोडाया गेलो, तर आप्पा म्हणाले दस्तुरात दात न्हाईत. तेवढ्यात दाराआडून तुमची बहीण म्हणती, "चुलीवर धरून वाळवून देऊ का?" पंचांनी ठरवलं, वाकली म्हणजे मोडली न्हाई. फैसला पुढच्या सोमवारी, म्हणजे जेवण परत.

पुढच्या सोमवारी मी वाळकी काडी आधीच मुंडाशात खोचून बसलो. तर आप्पांनी लेकराचा सवाल काढला. अंगावर पिणारं लेकरू आईचं, चालतं-बोलतं बापाचं, असा दस्तूर. उत्तरेश्वर चालतोच काय, झाडावर चढतो, म्हणून तो माझा. एवढ्यावर थांबायचं का न्हाई? पण आप्पांनी पोराला उगी इचारलं, कुणाजवळ राहशील? पोरगं म्हणालं, सर्ज्याजवळ. आता सर्ज्या तर तुमी लग्नात आंदण दिलेला, आन् आंदण बाईसंगं माहेरी जातं. म्हणजे सर्ज्या तलवाड्याला, सर्ज्यामागं पोरगं, पोरगं बापाचं म्हणून पोरामागं बाप. आसाराम पाटील म्हणाला, मोडून बी हा तिच्यामागंच जाणार, तर मोडायची कावून? चावडी परत हसली. आप्पांनी ढेकर दिला आन् फैसला केला, की माहेरचा कर्ता पुरुष हजर झाल्याबिगर बाई आन् बैल हवाली करायचे कुणाच्या? येत्या सोमवारी पाव्हणा आला तर काडी मोडायची. न्हाई आला तर काडी चुलीत, मुकदमा खारीज, परत नाव काढायचं न्हाई.

तरी पत्र देखत निघून यावं. माझा बेत पक्का हाय. मरदाची जबान हाय. येऊन आपली बहीण घेऊन जावी.

शाई पातळ झाली, आता आवरतो. माया मात्र पातळ होऊ देऊ नये.

तुमचा सोमवारपर्यंतचा दाजी,
धोंडीराम

ता. क. वाटेत सिंदफणा नदीला लई पाणी हाय म्हणतात. घाई करू नये. जीव मोठा, काडी काय, पुढच्या सालीबी मोडता येती.

दुसरा ता. क. पाणी उतरलं तरी तुमचा गुडघा दुखत आसंल. दुखत नसंल तर दुखवून घ्यावा. पाव्हणे, उघड लिहितो, येऊ नका. मी चावडीवर बोललोय, मला मागं फिरता येत न्हाई. तुमाला घरी बसता येतं. ती आता ओसरीवर निजती, माझ्याशी बोलत न्हाई. मी झोपेत काय बोललो ते सकाळी सांगाया कुणी न्हाई. मला माझी बायको पाहिजे. हे कुणाला वाचून दाखवू नका.

तिसरा ता. क. पत्र चिकटवताना सत्यभामा आली, वाचून दाखवा म्हणाली. तिला अक्षर येत न्हाई, म्हणून मी "बहीण घेऊन जावी" पर्यंतच वाचलं. तिनं ऐकलं, पदरानं नाक पुसलं आन् म्हणाली, माझ्याकडनं एक ओळ घाला. शब्दाला शब्द लिहितो: "दादा, सोमवारी गावच्या शिवंबाहेर पाय टाकलास तर तंगडी मोडून हातात देईन." मी लई नाराज तोंड करून लिहिलं.