घरचं माणूस

दादा,

दवाखान्याच्या धुलाईचं कंत्राट तुझ्या हातून गेलं, तेव्हा तुझ्याइतकंच मलाही वाईट वाटलं. आज नव्या कंपनीचा साहेब आला. दवाखान्याच्या अटीमुळे त्याला जुने कामगार ठेवून घेणं भागच होतं, तेही आधीच्या नोकरीची वर्षं धरून. पगारासाठी तुझ्याशी कचाकचा भांडणारी इस्त्रीवाली राहिली. चादरी पळवणारा गडीसुद्धा राहिला.

मला त्यानं विचारलं, "तुमचं ओळखपत्र?"

मी तुझ्याकडे मागितलं होतं, तेव्हा तू हसला होतास. "वेडे, घरच्या माणसाला कसलं ओळखपत्र?" मला केवढा मान वाटला होता!

म्हणून मी ताठ मानेनं सांगितलं, "मी मालकांची बहीण."

कोणी हसलंसुद्धा नाही. इस्त्रीवालीनं माझ्या हातातली ओली चादर हळूच काढून घेतली. म्हणाली, "ताई, मालक बदलले."

तुला फोन लावला, तो वहिनीनं उचलला. म्हणाली, "कामाच्या गोष्टी घरी नकोत."

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर म्हणशील, घरचं भांडण चव्हाट्यावर आणलं. पण दादा, कामावर मी घरची होते, मग घरी कोण आहे?

तुझीच बहीण
(पुरावा मागू नकोस)