हेराल्डचा शंख

९ नोव्हेंबर १९७८

पेटारा आला. मुंबईहून, ट्रकमधून, गवतात गुंडाळलेलं इंजिन. शरणप्पानं स्वतःच्या हातानं गवत बाजूला केलं, पाळण्यातल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं. म्हणाला, "मिस्त्री, हे आपल्या हेराल्डमध्ये बसवायचं."

आपल्या! गाडी त्याची. त्याच्या वडिलांची, म्हणजे गुरुबसप्पांची तेलाची गिरणी, ट्रक, अँबॅसिडर — आणि मुलाच्या हौसेची ही दोन दारांची तांबडी हेराल्ड. चौदा वर्षं या घराच्या गाड्या मी बघतो. हेराल्डचं इंजिन दोन वर्षांपूर्वी मीच उतरवून पुन्हा बांधलं. त्यात काडीचा दोष नाही. मग काढायचं कशाला? तर फेब्रुवारीत मद्रासला मोटारींची शर्यत आहे. तिथं त्याला पहिलं यायचं आहे. नवं इंजिन कुठल्याशा वकिलातीतल्या साहेबाच्या गाडीतलं. गाडी मागून चेपली, इंजिन वाचलं. ताकद दुपटीहून जास्त, कारण त्याला टर्बो आहे.

टर्बो म्हणजे काय, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. केमला, गावाकडच्या शाळेत सातवी झालेल्या माणसानं जास्त विचारलं की त्याला काम येत नाही असं ठरतं.

१२ नोव्हेंबर

जुनं इंजिन निघालं. दुपारभर साखळीला लटकत होतं. शरणप्पा म्हणाला, विकून टाका. चांगलं चालणाऱ्याला काढताना कुणी कारण देत नाही.

२३ नोव्हेंबर

इंजिन बसत नाही. लांबीला चार बोटं जास्त. हेराल्डचं सगळं तोंडच पुढं उलटतं, त्यामुळं चाकावर बसून काम करता येतं, एवढंच सुख. खालच्या सांगाड्यावर नव्या पट्ट्या वेल्ड केल्या. रेडिएटर पुढं सरकवला. मागच्या चाकांकडं जाणारा दांडा तोडून शेजारच्या लेथवाल्या ईरप्पाकडून आखूड करून घेतला.

ईरप्पा दांडा घेऊन आला आणि इंजिनाकडं बघून कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. "शेळीच्या पोटात घोडा घालाय लागलाव की मिस्त्री तुमी." मग बाजूचा तो टर्बो दिसला. गोल, आत आत वळत गेलेला. म्हणाला, "ह्यो तर शंख हाय. देवळातनं आनला का?"

तेव्हापासून आम्ही त्याला शंखच म्हणतो. मला आवडलं. मुकाट काम करत होतो, पण मनात एकदा हात जोडले.

४ डिसेंबर

मायाप्पाला बोलावलं. तो कापडगिरणीत मोठ्या जनित्रावर असतो. त्या इंजिनाला असलाच शंख आहे, म्हणून.

त्यानं जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. इंजिनाचा जळका धूर वाया जातो ना, तो या शंखातून जाताना एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरं चाक. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. चाक मिनिटाला हजारो फेरे घेतं आणि तापून लाल होतं. मधला दांडा नुसत्या तेलावर तरंगतो.

"म्हनून सांगतो, ल्हान ल्येकरागत जपायचं याला," मायाप्पा म्हणाला. "लांबनं पळवत आनली की येकदम चावी फिरवायची न्हाय. इंजान बंद झालं की त्याल बंद. चाक तर फिरतंयच, तापल्यालं. त्याल आतल्या आत जळतंय. दोन मिनटं हळू चालू द्यायचं, मग बंद."

किती साधी गोष्ट! दर्शन झाल्यावर आपण लगेच निघत नाही, पायरीवर घटकाभर टेकतो. तसंच. हे पुस्तकात वाचून कळलं नसतं. घरी येऊन बायकोला, सारजाबाईला सांगितलं. ती म्हणाली, जेवण झाल्यावर तरी तुम्ही कुठं दोन मिनिटं बसता.

१९ डिसेंबर

सुरू झालं. चौथ्या खेपेला. सकाळी सिद्धेश्वराला जाऊन आलो होतो. नारळ शरणप्पानं फोडला, पाणी माझ्या सदऱ्यावर उडालं.

२ जानेवारी १९७९

रोज सकाळी ट्रायल. पुणे रस्त्यानं मोहोळपर्यंत जायचं आणि परत. जाताना हळू, कान लावून. येताना सोडायची. आधी काहीच नाही, मग मागून कुणी पाठीला तळहात लावावा तसा जोर येतो. शंख शिट्टी घालतो. बाजूची ज्वारी हिरवी रेघ होऊन मागं जाते.

पन्नाशीला आलो. आतापर्यंत दुसऱ्यांच्या गाड्या दुसऱ्यांसाठी नीट केल्या. या गाडीत मी दीड तास माझा असतो. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. उद्या कार्ब्युरेटर पुन्हा उघडायचा, वरच्या वेगाला थोडी अडखळते.

१४ जानेवारी

सिद्धेश्वराच्या जत्रेची, गड्ड्याची गर्दी. शरणप्पानं गाडी धुऊन हार घालून पटांगणाच्या कडेला उभी केली होती. भोवती माणसं, मुलं. एक वर्तमानपत्रवाला वही घेऊन. मी दहा पावलांवर होतो. शरणप्पा म्हणाला, "इंजिनाचं काम मुंबईच्या माणसांकडून करून घेतलं."

त्यानं मला पाहिलं होतं. पाहून म्हणाला.

मग संध्याकाळी हसत आला. मिस्त्री, राग मानू नका, मुंबई म्हटलं की वजन पडतं. मी म्हणालो, नाही मानला. बोटांची कातडी अजून भाजलेली आहे. मानला.

२० जानेवारी

गाडी आज त्यांच्या घरी पोचवली. पुठ्ठ्यावर रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं — "बंद करण्याआधी दोन मिनिटे थांबा" — आणि समोर टांगलं.

शरणप्पाला सांगितलं. त्यांच्या ड्रायव्हरला, येडूलाही सांगितलं. येडू माळशिरसकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. सोळा वर्षं त्यांच्याकडं आहे. गाडी चालवायला मीच शिकवली. मी शंखाचं सगळं समजावत होतो, तर मधेच म्हणाला, "कळलं की. मेंढरं पळवत आनली की लगीच पान्यावर घालत न्हाईत. हुबी करत्यात. मग पानी."

शरणप्पा हसला, "येड्या, ही मेंढी मद्रासला जाणार आहे." येडूही हसला. म्हणाला, जाऊ द्या की, तिथल्या उन्हात लोकर आपोआप गळेल.

७ फेब्रुवारी

संपलं. शरणप्पा शेवटची ट्रायल म्हणून नळदुर्गच्या रस्त्यानं गेला होता. घाटाच्या आधीच आतून किंचाळल्यासारखा आवाज, मग निळा धूर, मग काही नाही. ट्रकला दोर बांधून आणली. परवा मद्रासला निघायचं होतं.

गॅरेजमध्ये गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर म्हणाला, "चूक माझी. गावठी हातात दिलं."

मी पाना पुसत होतो. पुसतच राहिलो.

८ फेब्रुवारी

एकादशी होती. दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. लोकांना वाटलं, कडक उपास.

१० फेब्रुवारी

मायाप्पाला घेऊन शंख उघडला. शरणप्पाही उभा होता, लांब, हाताची घडी घालून. दांडा बाहेर येईना. आला तेव्हा काळा ठिक्कर. तेलाच्या वाटेत नुसती काजळी, काकवी जळून भांड्याला चिकटावी तशी. ती नखानं निघेना.

मायाप्पानं बराच वेळ दांडा उजेडात फिरवला. म्हणाला, "बशिवन्यात खोट न्हाय. तापल्याली बंद केलीया. येकदा न्हवं, लई डाव."

शरणप्पा म्हणाला, मी दर वेळी थांबलो, पुठ्ठा समोरच होता. मग गाडी आणखी कोणी चालवली? पेट्रोल भरायला, चाकात हवा भरायला येडू नेत होता.

मला सगळं लख्ख दिसलं. चौऱ्याहत्तर साली पेट्रोल भडकलं, तेव्हा या शहरातल्या ड्रायव्हरांना मीच सांगत होतो — घर जवळ आलं की चावी फिरवा, गाडी तिच्या जोरावर आत जाते, रोज अर्धा कप तरी वाचतो. गुरुबसप्पांच्या फाटकाला तर चांगला उतार. येडू कोपऱ्यापासून बंद करून अँबॅसिडर आत सोडतो, हे मी शंभरदा पाहिलंय.

मी म्हणालो, "येडू. सवय आहे त्याला."

तीन दिवसांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

११ फेब्रुवारी

शरणप्पा सकाळीच आला. सगळ्यांसमोर म्हणाला, मिस्त्री, तोंडातून गेलं, मनात ठेवू नका. खांद्यावर हात ठेवला. चहा मागवला. शंखाचे भाग मुंबईहून आणतो, पुढच्या वर्षीच्या शर्यतीला तुम्हीच सोबत चला म्हणाला.

चहा चांगला लागला. हेही लिहून ठेवतो.

१३ फेब्रुवारी

येडूला कामावरून काढलं. गिरणीमागची खोली आठ दिवसांत सोडायला सांगितलं.

दुपारी तो गॅरेजवर आला. बसला नाही. म्हणाला, "मिस्त्री, अँबॅशिटर मी सोडतो बंद करून, ते खरं हाय. पर ही न्हाय. हिच्यात बसलो की तुमचा पुठ्ठा दिसायचा. दोनशे आकडे मोजायचो."

मी म्हणालो, हाताला सवय असते येडू, कळतसुद्धा नाही.

त्यानं खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली. उघडून तळहातावर घेतली. "बिरोबाचा भंडारा उचलून सांगतो. मी बंद केली न्हाय."

ईरप्पाचा लेथ थांबला. समोर शंखाचा जळका दांडा पडला होता. मी त्याच्याकडं बोट दाखवलं. येडूनं तिकडं पाहिलं. मग भंडारा कपाळाला लावला, राहिलेला पुडीत परत घातला, एक कणही सांडू न देता, आणि गेला.

इंजिनाचं मला काही वाटत नाही. लोखंड आहे, परत होईल. पण पोटासाठी माणूस देवाचा भंडारा खोटा उचलतो! असे दिवस आले.

२५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. सिद्धेश्वराला गेलो, रांगेत दोन तास. पिंडीवर बेल वाहिला. मागणं काही नव्हतं. मन शांत व्हायला हवं होतं, झालं नाही.

येडूची बायको राजाबाई काल घरी येऊन गेली. मी नव्हतो. सारजाबाईजवळ बसून रडली नाही, काही मागितलं नाही. एवढंच सांगितलं की, बिऱ्हाड गावाकडं चाललं. येडू भावाची मेंढरं राखणार आहे. दुसरीकडं ड्रायव्हर म्हणून घेतील ना, असं सारजाबाईनं विचारलं. तर म्हणाली, इंजान जाळनारा म्हनून नाव झालंय, कोन घेतंय.

जेवताना सारजाबाई म्हणाली, "तुम्ही बघितलं होतं का? त्यानं ती गाडी बंद करताना?"

मी म्हणालो, बघायला कशाला लागतं, दांडा बघितला.

"भंडारा उचलला म्हणं त्यानं."

उठलो. ताटात भगर तशीच राहिली.

१० मार्च

वर्तमानपत्रात आलं. शरणप्पानं छापून आणलं. "हेराल्डला परदेशी टर्बो इंजिन बसवणारे सोलापूरचे कुशल कारागीर जोतीराम मिस्त्री." ईरप्पानं मोठ्यानं वाचून दाखवलं. कारागीर! दोन महिन्यांपूर्वी आलं असतं तर केमला पाठवलं असतं.

१७ मार्च

पंढरपूर रस्त्याला कुणाला तरी येडू दिसला. मेंढरांमागं, खांद्यावर घोंगडं. त्यानं हाक मारली, तर येडूनं तोंड फिरवलं म्हणे. मला हे सांगायची काय गरज होती?

२२ मार्च

डॉक्टरांच्या अँबॅसिडरचे ब्रेक केले, ट्रायल घेऊन परत आलो. गॅरेजसमोरच्या उतारावरून आत शिरलो. ईरप्पाशी बोलत खाली उतरलो आणि पाहिलं, चावी माझ्या हातात होती. इंजिन कुठं बंद केलं ते आठवेना.

गाडी पुन्हा बाहेर काढली. एक चक्कर मारून रोजच्यासारखी आणली. ईरप्पाला म्हणालो, बघ रे, मी बंद कुठं करतो. तो म्हणाला, "बघायचं काय त्यात? उतार लागतो तितल्या इजेच्या डीपीपासनं. येवढी वर्षं तितनंच की. ती शंखवाली बी तितनंच बंद करून आनायचा तुमी."

पुठ्ठा मी गाडी पोचवायच्या दिवशी टांगला. त्याआधी तेवीस दिवस ती मीच मोहोळहून पळवत आणली. येडूनं चारदा चालवली.