पुसलं म्हणजे गेलं नाही

१२ जानेवारी

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. मी मजेत आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? छोटीचा अभ्यास नीट चालू असेल.

तुमची हार्ड डिस्क मिळाली. "स्क्रू पिळायला शिक्षण कशाला लागतं," म्हणणाऱ्या माणसाने ती शेवटी माझ्याच दुकानात पाठवली, याची गंमत वाटली. डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्या गरगर फिरतात आणि बारीक दांड्याच्या टोकावरचं हेड त्यांना न टेकता, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावरून, त्यांवरचं वाचत जातं. तुमच्या डिस्कचं हेड निकामी झालं होतं, म्हणून ती टकटक. तसल्याच दुसऱ्या डिस्कचं हेड काढून बसवलं. तुमचे कारखान्याचे नकाशे सगळे मिळाले.

"नकाशे तेवढे काढ, बाकी काही बघू नकोस," असं तुम्ही फोनवर बजावलंत. मी बघितलं.

बाबा, डिलीट केलं की डिस्क फक्त यादीतलं नाव खोडते. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मूळचं तिथेच असतं. तुम्ही आईचा फोटो न् फोटो वेचून काढलात, पण तबकडीवरून ती हलली नाही. एका व्हिडिओत मांडीवरची छोटी तिचं नाक ओढतेय आणि आई हसून हसून बेजार झालीय. त्याच छोटीला तुम्ही सांगत आलात, "तुझी आई तुला टाकून गेली."

टाकून गेली नव्हती. तुम्ही तिला बाहेर काढून आतून कडी घातलीत. मी जिन्यात उभी होते.

आता डिस्क कोरी करून पाठव म्हणाल. नाही पाठवणार. आदळआपट करा, आकाशपाताळ एक करा, नकाशांपलीकडे तुम्हाला काही मिळणार नाही. बाकीचं छोटीचं आहे. रविवारी ती माझ्याकडे येतेय. आई दिसायची कशी, हे तिनेच मला विचारलं होतं.

फोटो तिला नंतर दाखवीन. दार आईच उघडेल. उन्हाळ्यापासून ती माझ्याकडेच राहते, हे तुम्हाला सांगायचं टाळत होते. आता नाही टाळणार, आणि तुम्हाला विचारणारही नाही.

हे लिहितेय तेव्हा ती समोर बसून तुमच्या नकाशांच्या पार्सलला चिकटपट्टी लावतेय. वरचा पत्ताही तिनेच लिहिलाय. अक्षर तुम्ही ओळखलं असेलच.

तुमची, आणि तिचीही,
थोरली