बारावा विद्यार्थी

ती. वहिनींस,

तुमच्या लाडक्या धाकट्या दिराचा नमस्कार. (‘लाडक्या’ हा शब्द मीच घातला आहे. तुमची हरकत आली तर पुढच्या पत्रात खोडेन.) गुडघा आता जिना चढू देतो का? दादांनी सकाळचं फिरणं सुरू केलं, की नुसते बूटच आणून ठेवलेत? इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. माझ्या पोटात तेवढी जळजळ असते, पण ती खाण्यातून होत नाही. ती शेजारच्या वर्गातून येते.

आमच्या ख्रिस्ती विद्यापीठात धर्म आणि समाजशास्त्र हे दोन्ही विभाग एकाच व्हरांड्यात आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. धर्म विभागात एक फादर आहेत. साठी उलटलेली, चपला झिजलेल्या, आवाज असा की नुसती हजेरी घेतली तरी ऐकत बसावं. यंदा त्यांच्या वाट्याला जवळपास माझ्यासारखाच विषय आला. त्यांचा ‘धर्म आणि माणूस’, माझा ‘धर्माचं समाजशास्त्र’. कुठला घ्यायचा ते मुलांनी ठरवायचं. त्यांच्याकडे एकशेचाळीस नावं आली, माझ्याकडे अकरा. त्या अकरातली एक मुलगी तर (मी विचारलं, म्हणून तिने खरं ते सांगितलं) माझ्या वर्गात फोन चार्जिंगला लावायची सोय चांगली आहे म्हणून आली होती. त्यात नियम असा की बारा नावं झाली नाहीत तर विषय बंद. म्हणजे वीस वर्षं शिकवलेला विषय महिनाअखेरीस गुंडाळायचा आणि मी परीक्षा विभागात जाऊन उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे.

वहिनी, तुमच्यापासून काय लपवायचं, मला त्या माणसाचा हेवा वाटतो. सात्त्विक वगैरे नाही, चांगला झणझणीत. माझ्यात काय कमी आहे? तक्ते आहेत, आलेख आहेत, प्रार्थनेला येणारे लोक मागचीच बाकं आधी का धरतात यावर माझा चाळीस पानी निबंध आहे. पण मुलं मला पाठीमागे ‘टक्केवारी’ म्हणतात. तुमची जाऊबाई एकदा फादरांचं भाषण ऐकून आली आणि म्हणाली, “किती शांत बोलतात हो ते! तुम्ही लाइटबिल वाचल्यासारखं बोलता.” नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्ही म्हणाल. पण माझं अंगण खरंच वाकडं आहे. माझ्या खोलीला लागून पाण्याचा पंप आहे आणि तो नेमका माझ्याच तासाला सुरू होतो. त्यावर मी सहा अर्ज दिले आहेत.

शेवटी मी ठरवलं, या गर्दीचं कारण शास्त्रीय पद्धतीने शोधायचं. आमच्या विषयात एक रीत आहे. ज्या लोकांचा अभ्यास करायचा त्यांच्यातच जाऊन बसायचं, ते जे करतील ते आपणही करायचं आणि गुपचूप नोंदी ठेवायच्या. मी फादरांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. नोंदी अशा: हशा सात वेळा, जांभया शून्य, पंख्याकडे पाहणारे दोन. (त्यातला एक जण पंखा दुरुस्त करायला आलेला निघाला. तोही तास संपेपर्यंत हलला नाही.) तासाच्या शेवटी फादर सगळ्यांना कागदाचे चिटोरे वाटतात. मनाला जे टोचत असेल ते नाव न घालता लिहायचं आणि पेटीत टाकायचं. पुढच्या तासाला ते त्यातली एक चिठ्ठी वाचतात आणि तिच्यावर बोलतात. सगळे लिहीत होते, मग रीतीप्रमाणे मीही लिहिलं. मन मोकळं करून लिहिलं.

पुढच्या तासाला नेमकी माझीच चिठ्ठी निघाली. फादरांनी ती त्या गोड आवाजात वाचली. “मला एका सहकाऱ्याचा हेवा वाटतो. कारणे तीन. एक, त्यांच्या वर्गात सरासरी १३२.५ विद्यार्थी बसतात (सुट्टीच्या आदला दिवस वगळून). दोन, माझ्या वर्गात ६.८. तीन, ही दरी वाढत आहे; सोबतचा तक्ता पाहावा.” चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण वहिनी, एकशेचाळीस माना एकाच वेळी मागच्या बाकाकडे वळल्या. त्या क्षणी पंप सुरू झाला असता तर मी त्याचे पाय धरले असते.

फादर हसले नाहीत, हेच मला जास्त लागलं. ते म्हणाले, “हा माणूस प्रामाणिक आहे. मीसुद्धा त्याचा हेवा करतो. त्याला त्याच्या सगळ्या मुलांची नावं येतात. मला पहिल्या रांगेच्या पलीकडची येत नाहीत.” आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते फॉर्म भरून माझ्या दारात उभे. नियमाप्रमाणे दुसऱ्या विभागातल्या शिक्षकालाही नाव घालता येतं.

“एक जागा आहे का?”

“जागाच जागा आहे,” मी म्हणालो.

विषय वाचला. मला आनंद व्हायला हवा होता. पण ते पहिल्या बाकावर बसतात, गृहपाठ वेळेवर देतात, आणि मी प्रश्न विचारला की अकराच्या अकरा जण उत्तरासाठी त्यांच्याकडे बघतात. फादर बसतात म्हटल्यावर आणखी तीस जण नुसते ऐकायला येऊ लागले. पंपाचं त्यांनी पंपवाल्याच्या कानावर घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची वेळ बदलली. माझे सहा अर्ज अजून वर आहेत. चाचणीत ते पहिले आले. त्यांच्या पेपरात चूक शोधायला मला तीन दिवस लागले. तक्त्याखाली वर्ष घालायला विसरले होते. अर्धा गुण कापला आणि त्या दिवशी पोटभर जेवलो.

असो. गुडघ्याला शेक देत जा. दादांना नमस्कार.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहूनच गेलं. पुढच्या सत्रापासून संस्थेने फादरांची बदली दुसऱ्या विद्यापीठात केली आहे. संस्थेचे कार्यवाह आणि दादा शाळेत एका बाकावर होते ना? दादांनी त्यांच्याकडे एक शब्द टाकावा, फादरांना इथेच राहू द्या म्हणून. माझी पटसंख्या टिकावी एवढ्यासाठीच म्हणतोय, दुसरं काही नाही.

ता. क. दुसरा. वरचं शेवटचं वाक्य दादांना वाचून दाखवू नका, ते खरं नाही. तासाला जाताना आजकाल माझे पाय जरा लवकर उचलतात. त्या दुसऱ्या विद्यापीठाची मी चौकशी केली. तिथेही समाजशास्त्राचा विभाग आहे आणि फादरांच्या शेजारचीच खोली तिथल्या मास्तरांची आहे म्हणे. वहिनी, त्या माणसाला मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, पण तो मला आत्तापासूनच मुळीच आवडत नाही.